अठ्ठ्याण्णवची गाडी, शंभरची चाकं

शुद्ध रक्ताच्या गप्पा कुठेही माराव्यात, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मारू नयेत. तिथे ऐटीत उभी असलेली अँबेसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड; नव्वदच्या दशकात तिच्या पोटात जपानच्या इसुझूचं इंजिन गेलं. कॉन्टेसा म्हणजे व्हॉक्सहॉलची व्हिक्टर, तिच्याही पोटात पुढे तेच इसुझू. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपची हाडं अमेरिकन आणि काळीज फ्रेंच प्यूजोचं. स्टँडर्ड २००० तर सगळ्यांवर कडी. अंगावर रोव्हरचा उंची सूट, आत व्हॅनगार्डचं म्हातारं इंजिन. त्या इंजिनाला तो सूट शेवटपर्यंत पेलवला नाही.

तरीही अशा प्रत्येक मेळाव्यात पांढरी हॅट घातलेले एक गृहस्थ असतातच. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते गाडीभोवती फिरतात, किंचित वाकतात आणि म्हणतात, "चाकं ओरिजिनल नाहीत."

इंजिनाबद्दल ते बोलत नाहीत, कारण बॉनेट बंद असतं. गिअरबॉक्सबद्दल बोलायचं तर गाडीखाली झोपावं लागतं आणि पांढऱ्या विजारीत ते शक्य नसतं. चाक मात्र उभ्या उभ्या दिसतं. गाडीच्या ज्या भागावर मत द्यायला ज्ञान लागत नाही तो भाग म्हणजे चाक. म्हणून चाकावर सगळ्यांचं मत असतं.

आमच्या भावोजींनी या सगळ्या मतांना एका दिवसात आमंत्रण दिलं. त्यांच्याकडे प्रीमियर ११८ एनई आहे. तरुण वाचकांसाठी सांगतो, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची, त्याच कंपनीने १९८५ साली ही गाडीही काढली. बॉडी इटलीच्या फियाट १२४ची, इंजिन जपानच्या निसानचं, ११७१ सीसीचं. एनई म्हणजे निसान इंजिन. बाकीच्या गाड्या आपला संकर पोटात लपवतात, हिने तो पाठीवर धातूच्या अक्षरांत मिरवला. फियाट १२४ ही मूळची घरंदाज गाडी, १९६७ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरलेली. पण तिचा गोतावळा एवढा पसरला की रशियातल्या तोल्यात्तीत ती लाडा झाली, स्पेनमध्ये सियाट झाली, तुर्कस्तानात मुरात झाली आणि आपल्याकडे ११८ एनई. पद्मिनीला टॅक्सीवाल्यांनी अजरामर केलं. हिला कुणीच केलं नाही. म्हणूनच ती भावोजींना आवडते. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुर्लक्षित पण हिशेबाला चोख अशा वस्तूंबद्दल जिव्हाळा असतो.

तर मूळच्या लोखंडी डिस्का गंजल्या होत्या. एका रविवारी भावोजी पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपाची किल्ली शोधायला गेले आणि चार अलॉय व्हील घेऊन आले. चौदा इंची, होंडाच्या कुठल्या तरी जुन्या गाडीवरून उतरवलेली, एका कडेला फुटपाथला घासल्याची खूण सोडली तर नवीकोरी. किल्ली मिळाली नाही.

"अहो, पण ती होंडाची आहेत," ताई म्हणाली.

"असू दे. आपल्या चाकाला चार भोकं, याला चार भोकं," भावोजी म्हणाले.

या वाक्यावर जगातल्या किती जुन्या गाड्यांची वाट लागली असेल त्याची गणती नाही.

भावोजींनी अभ्यास केला नव्हता असं मात्र नाही. खरेदी करण्यापूर्वीच त्यांनी खिशातल्या पावतीच्या मागे गणित मांडलं होतं आणि ते चोख होतं. जुना टायर १५५/८० आर १३. त्याचा बाहेरचा व्यास ५७८.२ मिलिमीटर. चौदा इंची चाकाला १८५/६० आर १४ टायर घातला तर व्यास ५७७.६. म्हणजे फरक फक्त ०.६ मिलिमीटर. स्पीडोमीटरला पत्ता लागणार नाही, मडगार्डला घासणार नाही, किलोमीटरची नोंद खोटी पडणार नाही. लेजर असं जुळलं की भावोजींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट समाधान येतं. ते मी लहानपणापासून बघतोय.

घोटाळा बाहेरच्या व्यासात नव्हता, आतल्या वर्तुळात होता. चाकाची भोकं ज्या काल्पनिक वर्तुळावर बसतात त्याच्या व्यासाला गॅरेजच्या भाषेत पीसीडी म्हणतात. फियाट १२४ आणि तिच्या भावंडांचा पीसीडी ९८ मिलिमीटर. होंडाच्या त्या काळच्या छोट्या गाड्यांचा १००. चार भोकांच्या दुनियेत शंभरची वस्ती मोठी आहे. अठ्ठ्याण्णववर फियाट आणि तिचे नातेवाईक बसलेत आणि ते तिथून हलत नाहीत. का, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. इटालियन माणसाला शंभर हा आकडा फार शिस्तीचा वाटत असावा, हा माझा अंदाज.

दोन मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक भोक केंद्रापासून फक्त एक मिलिमीटर बाहेर. खरा दगा इथेच आहे. पीसीडी ११४ असता तर बोल्टच गेला नसता, माणूस शहाणा होऊन घरी आला असता. शंभरचं चाक अठ्ठ्याण्णवच्या हबवर मात्र बसल्यासारखं वाटतं. पहिला बोल्ट जातो. दुसरा जातो. तिसरा कुरकुरतो. चौथ्याला पान्यावर पाइप चढवून त्यावर उभं राहावं लागतं, आणि उभं राहणारा माणूस म्हणतो, "बसला!" बोल्ट त्या वेळी आत गेलेला असतो, पण वाकडा. चाक हबवर सपाट टेकत नाही. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि थरथरणारा बोल्ट आज ना उद्या सैल होतोच.

हे आम्हाला नाना पेठेत कळलं. तिथे स्पेअर पार्टच्या एका अरुंद दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांनी चाक हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं.

"गाडी?"

"एकशे अठरा एनई."

"फियाट अठ्ठ्याण्णव. होंडा शंभर. जमत नाही." आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

भावोजींना हा अपमान वाटला. सल्ला सहा शब्दांत मिळाला की आपल्या माणसाला तो फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यांना चर्चा हवी होती. म्हणून घरी येऊन आम्ही चाक दिवाणखान्यात पालथं घातलं आणि ताईच्या शिवणाच्या टेपने मोजायला बसलो. चार भोकांचं चाक मोजणं सोपं. समोरासमोरच्या दोन भोकांपैकी एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत. पाच भोकांचं असेल तर समोर भोकच नसतं, आणि तिथे भलेभले चुकतात. आमचं चारचं होतं, तरी भावोजींचं उत्तर ९९ आलं. ताईची टेप जुनी असल्याने ताणली जाते, हे तिने नंतर सांगितलं. ९९ या आकड्याने भावोजींना मात्र मोठा धीर आला. दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सोडलं की तडजोड झाली, असा त्यांचा हिशेब.

तडजोड करून देणारा माणूस आपल्याकडे नेहमी सापडतो. शिवणे भागात एका लेथवाल्याने चाकं बघून सांगितलं, "बसवून देऊ की. दोन एमएमनी काय होतंय?" त्याने आणखी एक अडचण दाखवली. होंडाच्या चाकाचं मधलं मोठं छिद्र ५६ मिलिमीटरचं आणि फियाटच्या हबचा गड्डा ५८च्या वर. म्हणजे चाक हबवर टेकणारच नाही, बोल्टांची भानगड दूरच. त्याने ते छिद्र लेथवर वाढवलं. मग चारी भोकं आतल्या बाजूला कानस मारून लांबट केली. कानशीचा आवाज ऐकत भावोजी बाकावर बसले होते. दाताच्या डॉक्टरकडे दुसऱ्याचा नंबर चालू असताना माणूस बसतो, तसे.

बोल्टांचाही प्रश्न होताच. होंडाच्या हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट लागतात. फियाटच्या हबला आटे असतात आणि बाहेरून बोल्ट आत जातात. होंडाच्या चाकाची नट बसण्याची जागा वाटीसारखी गोल; फियाटच्या बोल्टाची मान शंकूसारखी. गोल वाटीत शंकू ठेवला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. गाडीचं सगळं वजन, ब्रेकचा सगळा जोर त्या रेघेवर. युरोपात यासाठी एक वेगळा बोल्ट मिळतो. त्याच्या मानेवर शंकूची कडी सुटी असते आणि ती एखादा मिलिमीटर सरकून भोकाच्या मध्यावर जाते. जर्मनीत असली चाकं चढवली की ट्यूव्हच्या तपासनिसाकडून तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर नोंद करावी लागते. आमच्या लेथवाल्याकडे नोंदवही नव्हती. त्याने अलॉयच्या जाडीला पुरतील असे लांब बोल्ट शोधले आणि म्हणाला, "शंभरच्या पुढे पळवू नका." भावोजींनी आयुष्यात गाडी साठच्या पुढे नेलेली नाही, त्यामुळे त्यांना ही अट मान्य झाली.

गाडी नव्या चाकांवर सोसायटीत आली त्या संध्याकाळी बदामाच्या झाडाखाली जणू वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल म्हणाले, ऑफसेट चुकलाय. ते बरोबर होतं. पुढची चाकं ओढणाऱ्या नव्या गाड्यांचं चाक हबवर फार आत खेचून बसतं, मागची चाकं ढकलणाऱ्या जुन्या गाडीला तसं चालत नाही. तिचं चाक मुळातच बाहेरच्या अंगाला बसलेलं असतं. त्यामुळे आमचं चाक मडगार्डच्या आत दबून बसलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर पोराने स्पेसर घालायला सांगितलं. दूधवाला म्हणाला, भारी दिसतंय. वॉचमनने विचारलं, काका, विकायची का? चेअरमन साहेबांनी गाडीचं तोंड जिन्याकडे नको, एवढंच सांगितलं. ती सूचना सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हती.

भावोजी मात्र प्रत्येकाला एकच सांगत होते: ०.६ मिलिमीटर.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, दुसऱ्याची चाकं चढवणं हा काही सरसकट गुन्हा नाही. जगात त्यात नाव कमावलेले लोक आहेत. फोक्सवागनच्या बीटलवाल्यांचा तर हा छंदच आहे. त्यांना पोर्शे ९११ची फुक्स चाकं हवी असतात. १९६६ साली आलेली, अॅल्युमिनियम घडवून बनवलेली, पाच पाकळ्यांची. जर्मनीतल्या मायनर्त्सहागेन गावच्या ओटो फुक्स कंपनीची ही चाकं म्हणजे या क्षेत्रातली पैठणी. साठच्या दशकाअखेरीनंतरच्या बीटलचा पीसीडी १३०, पोर्शे ९११चाही १३०. फरक एवढाच की बीटलला भोकं चार आणि पोर्शेला पाच. म्हणून एक तर मध्ये अॅडाप्टर बसवायचा, नाही तर ड्रमला नवी पाच भोकं पाडून घ्यायची. हे केल्यावर हॅटवाले गृहस्थ काही बोलत नाहीत, कारण बीटलही पोर्शेबुवांनीच आखलेली. घरातल्या घरात लग्न झालं की भटजीही पत्रिका मागत नाही.

जीपवाल्यांचं नशीब तर याहून थोर. १९४१च्या विलिस जीपचा पीसीडी पाच भोकांचा, १३९.७ मिलिमीटरचा. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचाही पाच भोकांचा, १३९.७. आणि २०२३मध्ये आलेल्या जिम्नीचाही तोच. युद्धकाळातली गाडी आणि परवा शोरूममधून निघालेली गाडी, मधे ऐंशी वर्षं आणि भोकं जागच्या जागी. १३९.७ हा विचित्र आकडा म्हणजे सरळ साडेपाच इंच. तसाच इनोव्हाचा ११४.३ म्हणजे साडेचार इंच. जपानी कारखाने मिलिमीटरमध्ये विचार करतात, पण चाकाच्या बाबतीत अजून अमेरिकन इंचांची री ओढतात. म्हणून जीपवाले निर्धास्त असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जिप्सीची डिस्क दिसली की उचलतात, रात्री चढवतात आणि सकाळी ताम्हिणीला जातात. यांना बघूनच फियाटवाल्यांचं डोकं फिरतं.

आमचं सत्य आम्हाला खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी भेटलं.

साताऱ्याला एका मुंजीला निघालो होतो. मागचं डावं चाक पंक्चर. काळजीचं कारण नव्हतं, डिकीत स्टेपनी होती. जुनी, मूळची लोखंडी डिस्क. पंक्चरवाल्याने जॅक लावला, अलॉय काढलं, स्टेपनी चढवली, त्याच चार बोल्टांनी आवळली. पोरगा वीस-बाविशीचा, हात तेलाने काळे, कानाला पेन. त्याने चाक फिरवलं. फिरलं नाही. जोर लावला. आतून खर्र असा आवाज आला.

त्याने बोल्ट पुन्हा काढला, डिस्कच्या शेजारी धरला आणि अंगठ्याने खूण दाखवली. अलॉयची जाडी मोठी म्हणून बोल्ट लांब होते. डिस्क पातळ. जादाचा सेंटिमीटरभर बोल्ट हबमधून आरपार जाऊन ड्रमच्या आत ब्रेक शूजवर टेकत होता. असंच पळवलं असतं तर शूज गेले असते आणि मग ब्रेक.

"जुने बोल्ट कुठायत, काका?"

जुने बोल्ट घरी होते. माळ्यावर, डालड्याच्या डब्यात, ताईने अडगळ म्हणून कापडात बांधून ठेवलेले.

भावोजींनी विचारलं, बोल्टाच्या डोक्याखाली वॉशर घातले तर? पोरगा हसला नाही, ही त्याची थोरवी. म्हणाला, "वॉशर घातला की शंकू डिस्कवर बसत नाही. चाक दुसऱ्याचं, बोल्ट तिसऱ्याचे, स्टेपनी तुमची. वॉशर आणखी कुणाचा आणू?"

दोन तास आम्ही त्याच्या टपरीत चहा पीत बसलो. भाचा पुण्याहून बुलेटवर डबा घेऊन आला. मुंज आम्ही चुकवली, जेवणावळ गाठली. बटूला भिक्षावळीत काय द्यायचं हे भावोजींनी मोठ्या मनाने ठरवलं होतं, ते त्यांनी पंक्चरवाल्याला दिलं.

परतताना ते गप्प होते. शिरवळ ओलांडल्यावर एकच वाक्य बोलले, "नाना पेठेतला माणूस बरोबर होता." मी काही बोललो नाही. मेव्हण्याने अशा वेळी गप्प बसायचं असतं, एवढं आमच्या घरात शिकवतात.

तेव्हापासून भावोजी कायद्याकडे वळलेत. केंद्राने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. रोजच्या वापराला ती गाडी काढायची नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही असं नियमात लिहिलं आहे. चाकांचं नाव त्यात नाही. भावोजींनी ते वाक्य पेन्सिलने अधोरेखित केलंय आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. त्यांची गाडी १९८७ची. पन्नाशीला दहा-बारा वर्षं आहेत. तोपर्यंत आरटीओतल्या माणसाने मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम काढलं, तर मालकाने कंपनीच्या नोंदीबाहेर गाडी बदलू नये हे त्यात लिहिलेलं आहेच. एकूण काय, चर्चेला विषय मिळाला. त्यांना तोच हवा होता.

आता एनईवर जुन्या लोखंडी डिस्का आहेत. सॅंडब्लास्ट करून, चंदेरी रंग देऊन, नव्या टायरसकट खर्च अलॉयच्या निम्म्याने आला. बघायला आलेल्या हॅटवाल्या गृहस्थांनी त्या वाकून पाहिल्या आणि विचारलं, "हा चंदेरी कंपनीचाच आहे का?"

होंडाची चाकं उरली आहेत. कानस मारल्याने ती आता होंडालाही बसणार नाहीत आणि फियाटला बसली नव्हतीच. चौथ्या चाकावर जाड काच टाकून ताईने टीपॉय केलं आहे, ते विकायचं नाही. बाकीची तीन बदामाच्या झाडाखाली ठेवलेली आहेत. कुणाला हवी असतील तर रविवारी सकाळी दहानंतर यावं, किंमत बोलून ठरवू. फक्त येताना आपल्या गाडीचा पीसीडी व्हर्निअरने मोजून आणावा. शिवणाच्या टेपने मोजू नये.